नाव सांगण्याचा अधिकार कोणाचा?

बलात्काराच्या बातमीत अत्याचारग्रस्त स्त्रीचे नाव छापले जात नाही, हे आता वाचकांच्या अंगवळणी पडले आहे. मात्र या मौनाचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. अब्रू गेली म्हणून नाव लपवायचे, असा समज समाजात खोलवर रुजला आहे. कायद्याला हे अभिप्रेत नाही. आपली ओळख जाहीर करायची की नाही, हे त्या स्त्रीनेच ठरवावे, एवढेच कायदा सांगतो.

या तरतुदीची पार्श्वभूमी महाराष्ट्रातील आहे. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांची निर्दोष मुक्तता केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरड केली नाही, ही त्यामागील कारणे होती. त्याविरुद्ध उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नाकारल्याचे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, सुनावणी बंद दालनात व्हावी आणि तिची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरावा, अशा तरतुदी त्या वेळी झाल्या.

एकाच वर्षातील दोन घटना

त्याच १९८३ मध्ये सोहेला अब्दुलाली या तरुणीने ‘मानुषी’ या नियतकालिकात लेख लिहिला. १९८० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मुंबईत आपल्यावर झालेल्या सामूहिक बलात्काराची हकिगत तिने स्वतःच्या नावाने मांडली. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर तो लेख पुन्हा सर्वत्र वाचला गेला. बलात्कार भयंकर आहे तो शरीरावर आणि मनावर आघात होतो म्हणून. त्याने स्त्रीची अब्रू जात नाही, अशी भूमिका त्यांनी २०१३ मध्ये पुन्हा मांडली.

कायद्याने नाव झाकले आणि एका तरुणीने ते उघड केले, यात विसंगती नाही. दोन्हींत निर्णय त्या स्त्रीच्याच हाती राहतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्येही हेच तत्त्व कायम आहे. ओळख उघड करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. परंतु सज्ञान स्त्री स्वतः, किंवा तिच्या लेखी परवानगीने अन्य कोणी, नाव प्रसिद्ध करू शकते. केवळ नाव गाळून भागत नाही. ओळख पटेल असा कोणताही तपशील देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये बजावले आहे.

बोलण्याची किंमत

कोलकात्यातील सुझेट जॉर्डन यांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांच्यावर धावत्या मोटारीत सामूहिक बलात्कार झाला. सत्ताधाऱ्यांनी घटना बनावट असल्याचे म्हटले, त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले गेले. ‘पार्क स्ट्रीटची पीडिता’ एवढीच त्यांची ओळख उरली. २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावानिशी, चेहरा न झाकता बोलण्यास प्रारंभ केला. मार्च २०१५ मध्ये आजारपणात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिघांना दोषी ठरविण्यात आले. तो निकाल ऐकण्यास त्या नव्हत्या.

प्रत्येकीने जाहीरपणे बोललेच पाहिजे, असा आग्रह धरणे मात्र अन्यायाचे ठरेल. बोलण्याचे अन्य मार्गही आहेत. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. हद्दीचे कारण देऊन ती नाकारता येत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवावा लागतो. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने प्रथमोपचार विनामूल्य देणे बंधनकारक आहे. बलात्काराच्या गुन्ह्याला मुदतीचे बंधन नाही. त्यामुळे काही वर्षांनी पुढे आलेल्या स्त्रीलाही दाद मागता येते.

तरीही बहुसंख्य स्त्रिया मौनच पत्करतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले. याचा अर्थ, बातमी होण्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न घराच्या उंबरठ्याआड निर्माण होतो. पोलीस आणि न्यायालय यांच्यापूर्वी ती स्त्री आई, बहीण, पती किंवा मैत्रिणीजवळ बोलू पाहते. तेथे पहिला प्रश्न ‘तू तिथे गेलीसच का?’ असा आला, तर पुढचे सारे मार्ग तिच्यासाठी तिथेच बंद होतात.