'लिनक्स चालत नाही' म्हणजे नेमकं काय चालत नाही?

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दुकान चालवता येईल का, हा प्रश्न सध्या तुमच्यापैकी बरेच जण विचारताय. कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या ८व्या पिढीच्या आधीची बहुतेक मशीनं त्यात बसत नाहीत. म्हणजे काउंटरवरचा कॉम्प्युटर ठणठणीत आहे, पण कागदावर तो म्हातारा झाला. नवीन घ्यायचा तर तीस-चाळीस हजार बाजूला काढा. ज्याने आत्ताच दुकानाचं डिपॉझिट भरलंय, रॅक करून घेतलेत, पहिला माल उचललाय, त्याच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

तर माझं सरळ उत्तर: बऱ्याच दुकानांत चालेल, काहींत नाही. आणि चालेल तिथेही एक गोष्ट शिकावी लागेल, ती म्हणजे मदत मागणं. व्हिडिओत मी इन्स्टॉल करणं दाखवलंय. इथे जरा निवांत, मदत मागण्याबद्दल लिहिते.

आधी 'चालेल की नाही' ते पटकन उरकू. तुमचं काम ब्राउझरमध्ये होत असेल, म्हणजे व्हॉट्सॲप वेब, जीमेल, जीएसटी पोर्टल, ऑनलाइन बिलिंग, बँकेची साइट, तर लिनक्सवर फायरफॉक्स उघडला की काम सुरू. दररोजच्या हिशोबाच्या शीटला लिब्रेऑफिस पुरतं, एक्सेलच्या साध्या फाइली त्यात उघडतात. मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडायचा. इन्स्क्रिप्ट आहे, उच्चारावर चालणाराही आहे. मी नवीन माणसाला लिनक्स मिंट सुचवते, कारण खाली मेनू, कोपऱ्यात घड्याळ, सगळं ओळखीच्या जागी असतं. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत, म्हणजे पुढची काही वर्षं चिंता नाही.

आता कुठे अडेल ते. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. जीएसटीची ऑफलाइन टूल्स विंडोज आणि एक्सेल धरून चालतात. मॅक्रो भरलेल्या एक्सेल फाइली लिब्रेऑफिसमध्ये बऱ्याचदा रुसतात. फ्लेक्स, पत्रिका असं काम असेल तर कोरलड्रॉ लिनक्सवर नाही. रिटर्न भरताना डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावत असाल तर त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, ते ज्याच्याकडून टोकन घेतलं त्याला आधी विचारा. (मालक एकटाच असलेल्या धंद्याला ओटीपीवर भागतं, त्यामुळे तुमच्यातल्या बहुतेकांना हा प्रश्न येणारच नाही.) टॅलीवर बसणारं मशीन असेल तर त्याला हात लावू नका, दुसऱ्या मशीनवर प्रयोग करा.

प्रयोग म्हणजे खरंच प्रयोग. पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करून बघता येतं, हार्ड डिस्कवर काहीही न टाकता. दुकान बंद असेल त्या दिवशी पेन ड्राइव्ह लावा, वायफाय लागतंय का, प्रिंटर दिसतोय का, स्कॅन होतंय का, एवढं बघा. पेन ड्राइव्हवरून सगळं जरा हळू चालतं, त्यावरून वेगाचं मत बनवू नका. पटलं तरच, आणि सगळ्या फाइलींची दुसरी प्रत काढून ठेवल्यावरच इन्स्टॉल करा.

आता मुद्द्यावर येते.

विंडोज बिघडलं तर आपल्या प्रत्येक बाजारपेठेत एक तरी पोरगा असतो. फोन केला की येतो, दोन-तीनशे रुपये घेतो, काहीतरी करतो, सुरू होतं. आपण त्याला फक्त "अरे चालत नाहीये रे" एवढंच सांगतो, बाकीचं तो मशीनसमोर बसून शोधतो. लिनक्स जाणणारा माणूस तालुक्याच्या गावात असा सहज मिळत नाही. मदत करणारे भरपूर आहेत, जगभर आहेत, फुकट करतात, पण ते तुमच्या काउंटरवर येऊ शकत नाहीत. त्यांना तुमचं मशीन दिसत नाही. त्यांना फक्त तुम्ही लिहिलेला मेसेज दिसतो.

माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसातून चार गिऱ्हाइकं येतात आणि म्हणतात, "रिफिल द्या." कोणत्या पेनाची? "ते नेहमीचं असतं ना, निळं." आता निळ्या शाईचं की निळ्या टोपणाचं? मग मी पेन मागते, ते घरी असतं. गिऱ्हाईक वैतागतं, मीही. आणि जो माणूस पेन खिशातून काढून समोर ठेवतो त्याला अर्ध्या मिनिटात रिफिल मिळते. मदत मागताना आपण गिऱ्हाईक असतो, आणि पेन घरी विसरून आलेलो असतो.

एक उदाहरण पूर्ण बघू, कारण हे सगळ्यात जास्त येतं. मेसेज असा असतो: "लिनक्स टाकल्यापासून थर्मल प्रिंटर चालत नाही. अर्जंट हेल्प." आता 'चालत नाही' यात निदान चार वेगळी दुखणी लपलेली आहेत. एक, कॉम्प्युटरला प्रिंटर दिसतच नाही. तिथे केबल, पोर्ट, ड्रायव्हर बघायचा. दोन, प्रिंटर दिसतो, पण बिलं रांगेत अडकून पडतात. तिथे प्रिंटरच्या खिडकीत तो 'पॉज' झालाय का बघायचं, एकदा चूक झाली की रांग थांबून राहू शकते. तीन, बिल येतं पण अक्षरं मुंगीएवढी. तिथे कागदाचा आकार ए-फोर राहिलेला असतो, आणि अख्खं ए-फोर पान ८० एमएमच्या पट्टीत कोंबलं जातं. चार, कागद सरकतो, कापला जातो, पण कोरा. हे चौथं मजेशीर आहे, त्यावर येतेच.

चारही दुखण्यांची औषधं वेगळी, आणि मेसेज एकच. वाचणाऱ्याने काय करायचं? तो अंदाजाने ड्रायव्हर बदलायला सांगतो. तुम्ही ड्रायव्हर बदलता, आणि आधी जे नीट होतं तेही बिघडतं. तोपर्यंत दुपार झाली, बिलं हाताने लिहिताय आणि घरचे म्हणतायत, सांगितलं होतं विंडोजच ठेव. बीबीएला आम्हाला 'ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट' शिकवली होती. तिचा खरा अर्थ बंद पडलेल्या काउंटरसमोर गिऱ्हाइकांची रांग उभी असते तेव्हा कळतो.

तोच मेसेज आता असा लिहून बघा:

"लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई. जुना डेस्कटॉप, रॅम ४ जीबी. ८० एमएमचा थर्मल प्रिंटर यूएसबीने जोडलाय, मॉडेलच्या स्टिकरचा फोटो सोबत आहे. काल रात्रीपर्यंत बिलं नीट येत होती. आज सकाळी अपडेट्स केली आणि कागदाचा रोलही बदलला. आता प्रिंट दिली की कागद सरकतो, कापला जातो, पण पूर्ण कोरा येतो. फायरफॉक्समधून आणि लिब्रेऑफिसमधून, दोन्हीकडून तसंच. कॉम्प्युटर बंद ठेवून प्रिंटरची सेल्फ टेस्ट काढली, फीडचं बटण दाबून धरून चालू करतात ती. तीही कोरी. मला फक्त बिल छापायचंय."

यात नेमकं काय बदललं बघा. 'काल चालत होतं, आज नाही' हे आलं. मधे काय बदललं ते आलं, आणि त्यात रोलही आला, जो आपल्याला सांगण्यासारखा वाटत नाही. दोन वेगळ्या प्रोग्राममधून करून बघितलं ते आलं. आणि सेल्फ टेस्ट. ती प्रिंटर स्वतःच काढतो, तिचा कॉम्प्युटरशी काही संबंध नाही. तीही कोरी आली म्हणजे लिनक्स या भानगडीतून बाहेर. घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं: रोल उलटा बसलाय. थर्मल कागदाची एकच बाजू छापते. नखाने जोरात ओरखडा काढा, ज्या बाजूला काळी रेघ उमटते ती छापायची बाजू. रोल काढून फिरवून घातला की झालं.

गंमत म्हणजे असा मेसेज लिहायला बसल्यावर बऱ्याच वेळा पाठवायची गरजच पडत नाही. 'रोलही बदलला' हे लिहितानाच हात थांबतो.

दुसरी सवय, आपण मूळ काम सांगत नाही, आपण मनात ठरवलेला उपाय विचारतो. "लिनक्सवर एक्झी फाइल कशी चालवू?" असा प्रश्न येतो. एक्झी म्हणजे विंडोजसाठीचा प्रोग्राम, तो लिनक्सवर तसा चालत नाही. मग कोणीतरी 'वाइन' नावाचं सॉफ्टवेअर टाकायला सांगतं, आणि त्यात दोन संध्याकाळी जातात. शेवटी कळतं की त्या माणसाला गिऱ्हाइकाचं कागदपत्र स्कॅन करायचं होतं, आणि एक्झी म्हणजे स्कॅनरच्या सीडीतला सेटअप होता. "मला स्कॅन करायचंय, स्कॅनर हा आहे" एवढं म्हटलं असतं तर उत्तर एका ओळीत मिळालं असतं: मिंटच्या मेनूमध्ये 'डॉक्युमेंट स्कॅनर' आधीच आहे, आधी तो उघडून बघा. बरेच स्कॅनर त्यात सीडीशिवाय चालतात. म्हणून मेसेजच्या शेवटी 'मला शेवटी काय करायचंय' ही ओळ टाकाच.

तसंच मराठी फाइलींचं. "लिनक्सने माझ्या सगळ्या मराठी फाइली खराब केल्या." घाबरू नका. जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही मशीनवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, विंडोजवरसुद्धा. मजकूर शाबूत असतो. पण 'खराब झाल्या' असं लिहिलं तर समोरचा हार्ड डिस्क तपासायला लावेल. 'मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं दिसतायत, फाइल श्रीलिपीत केलेली होती' असं लिहिलं तर तो फॉन्ट टाकायचा किंवा युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, एवढाच विषय उरतो. दिसलं ते लिहा, त्याचा अर्थ समोरच्याला लावू द्या.

स्क्रीनवर इंग्रजीत काही एरर आली तर ती भाषांतर करून किंवा आठवणीने सांगू नका. जशीच्या तशी कॉपी करा, नाही जमलं तर स्क्रीनशॉट. मोबाइलने तिरका काढलेला फोटो, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, हा अगदीच नाइलाज झाला तर. मशीनची माहिती देण्यासाठी मिंटमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' (आधीच्या आवृत्त्यांत 'सिस्टीम रिपोर्ट्स') आहे. ते उघडून सिस्टीमची माहिती कॉपी करता येते, एकेक भाग शोधत बसायला नको. यूएसबीला काय काय लागलंय ते बघायचं असेल तर टर्मिनल उघडून एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत, मधे जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा. यादी येते. त्यात प्रिंटरसारखं काहीच नसेल तर आधी केबल बदलून बघा.

पाठवण्याआधी मात्र फोटो नीट बघा. मागे उघड्या खिडकीत गिऱ्हाइकाचं आधार कार्ड, बँकेचा बॅलन्स, तुमचा पासवर्ड चिकटवलेली चिठ्ठी, हे सगळं स्क्रीनशॉटमध्ये जातं. आणि कोणी अनोळखी माणूस "मी तुमचा स्क्रीन घेतो, ओटीपी सांगा" म्हणाला तर तिथेच थांबायचं. प्रिंटर दुरुस्त करायला ओटीपी लागत नाही. टर्मिनलमध्ये टाकायला कोणी काही दिलं तर ते काय करतं हे आधी विचारा. चांगला माणूस दोन ओळीत सांगतो, त्याला राग येत नाही.

'अर्जंट' लिहून काही होत नाही. तुमची घाई तुमची आहे, समोरचा नोकरीवरून आल्यावर रात्री वाचणार आहे. म्हणून काउंटरवर बिलबुक ठेवाच, लिनक्स असो की विंडोज. आणि सणाच्या आठवड्यात, शाळा सुरू होताना, जेव्हा तुमचा खरा धंदा असतो तेव्हा मोठी अपडेट्स करू नका. मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' आहे, अपडेट करण्याआधी त्यात सिस्टीमची नोंद घेऊन ठेवली की गडबड झाल्यास मागे येता येतं. ते सिस्टीमसाठी आहे हं, तुमच्या हिशोबाच्या फाइलींची प्रत वेगळीच काढायची.

उत्तर मिळालं, काम झालं, की आपण गायब होतो. तसं करू नका. "रोल उलटा होता, फिरवला, झालं" एवढं त्याच जागी लिहा. तीच ओळ दुकानातल्या एका वहीत तारखेसकट टिपा: काय झालं होतं, कशाने सुटलं. वही कॉम्प्युटरशेजारी ठेवा, कॉम्प्युटरमध्ये नको, कारण गरज पडेल तेव्हा तोच बंद असेल. तुम्ही माल आणायला गेला असाल आणि काउंटरवर धाकटा भाऊ किंवा सासूबाई बसल्या असतील, तर त्यांनाही ती उघडून बघता येईल.