काचेतला समुद्र – भाग ६ : नायट्रेटचा जमाखर्च

हौगांगमधल्या आमच्या एचडीबी फ्लॅटच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची छोटी टाकी आहे. पाणी ६० लिटर. त्यात दोन क्लाउनफिश, एक कोळंबी, थोडी मऊ प्रवाळं आणि लाइव्ह रॉक. मागच्या भागात अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट कसं होतं ते पाहिलं. नायट्रेट माशांना लगेच मारत नाही. ते साठत जातं, आणि म्हणूनच दुर्लक्षित राहतं.

माझ्या टाकीत ते बरेच महिने एकाच जागी अडकलं होतं. दर रविवारी १२ लिटर, म्हणजे पाचवा हिस्सा पाणी मी न चुकता बदलत होतो. बदलल्यावर २० पीपीएम, पुढच्या रविवारी पुन्हा २५. मिठाचा ब्रँड बदलला, फिल्टर बदलला, आकडा हलेना. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

सुक्या खाद्यात साधारण ४५ टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत वजनाने सुमारे १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे एका ग्रॅममध्ये ७२ मिलिग्रॅम. नायट्रोजनला तीन ऑक्सिजन जोडले गेले की वजन ४.४३ पट होतं, म्हणजे जवळजवळ ३२० मिलिग्रॅम नायट्रेट. ६० लिटरमध्ये हे ५ पीपीएमहून थोडं जास्तच, आणि तेही फक्त एका ग्रॅम खाद्यापासून! आता २५ चा पाचवा हिस्सा किती? पाचच. दर आठवड्याला ५ बाहेर जात होते आणि ५ आत येत होते. आकडा जिथे हा जमाखर्च जुळतो तिथेच थांबणार. त्यात मिठाचा दोष नव्हता.

खाद्याचा डबा छोट्या काट्यावर तोलून पाहिला तर आठवड्याला दोन ग्रॅम खपत होतं. त्यातलं काही माशांच्या अंगी लागत होतं, काही स्किमरच्या फेसातून जात होतं, आणि खडकाच्या आतल्या ऑक्सिजन नसलेल्या पोकळ्यांतले जिवाणू काही नायट्रेटचा नायट्रोजन वायू करत होते. उरलेलं माझ्या चाचणीच्या नळीत लाल रंगाने दिसत होतं.

म्हणून खाद्य निम्मं करायचं ठरवलं. तेव्हा आई साताऱ्याहून आली होती. ‘अरे, काचेपाशी येऊन तोंड उघडतात, त्यांना उपाशी कसं ठेवायचं?’ हा तिचा प्रश्न मनापासूनचा होता आणि मलाही त्याला उत्तर सुचत नव्हतं. क्लाउनफिश पोट भरलेलं असलं तरी येतात, हे तिला पटायला आठवडा लागला. मग तिच्याच बीपीच्या गोळ्यांच्या डबीसारखी सात खणांची डबी आणली आणि रविवारी सात दिवसांचं मिळून एक ग्रॅम तोलून भरू लागलो. आजचा खण रिकामा, तर आजचं जेवण झालं. ती डबी आईनेच सांभाळली.

जमा निम्मी झाली तरी आकडा लगेच उतरत नाही, हे सांगायलाच हवं. बदलल्यानंतरचा आकडा २० वरून १८, मग १६, मग १५ असा सरकतो. सहा आठवड्यांनी मी १२-१३ वर होतो आणि हा उतार १० पाशी टेकणार. घाई असेल तर एकदाच अर्धं पाणी बदललेलं परवडतं: २० चे १० होतात, तर दहा-दहा टक्के पाच वेळा बदलूनही १२ च्या आसपासच राहतं. मात्र नव्या पाण्याची क्षारता आणि तापमान जुन्याशी जुळलेलं हवं.

सिंगापूरच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं. नुसत्या कार्बनने ते फोडलं की अमोनिया सुटतो आणि तोही शेवटी नायट्रेटच होतो. म्हणून मीठ कालवायला आणि बाष्पीभवनाची भरपाई करायला मी आरओ-डीआय पाणी वापरतो. फिल्टरचा स्पंज दर तीन दिवसांनी धुतो. त्यात अडकलेलं अन्न तिथेच कुजतं. चाचणीची पावडर असलेली बाटली नीट हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो. व्होडका किंवा व्हिनेगर टाकून जिवाणू वाढवण्याची पद्धत मोठ्या टाक्यांत चालते, पण ६० लिटरमध्ये, इथल्या उकाड्यात, जिवाणू एकदम वाढले तर रातोरात ऑक्सिजन संपवू शकतात. मी ती वापरत नाही.

शून्याचा हट्टही नको. प्रवाळांतल्या शैवालाला नायट्रोजन लागतो. नायट्रेट आणि फॉस्फेट पार संपलं की तपकिरी चिकट डायनोफ्लॅजेलेट्स डोकं वर काढतात. मऊ प्रवाळांसाठी मी ५ ते १० वर समाधानी असतो.

१० च्या खाली नेण्यासाठी मागच्या कप्प्यात कीटोमॉर्फा शैवाल ठेवलं आहे, हिरव्या तारांच्या गुंत्यासारखं. त्याचा दिवा टाकीचा दिवा मालवल्यावर लागतो, म्हणजे रात्रीही थोडा ऑक्सिजन मिळतो. गोळा मुठीएवढा झाला की अर्धा काढून टाकायचा. काढलाच नाही तर आतल्या बाजूला उजेड पोहोचत नाही, तो भाग कुजतो आणि शोषलेलं सगळं पाण्याला परत करतो.