लहान व्यापारी आणि व्याजाचा हिशेब

खेड्यांतील लहान व्यापाऱ्याचें भांडवल थोडें असतें, हें सर्वांस दिसतें. परंतु तें थोडेंच कां राहतें, याचा विचार क्वचितच होतो. बाजारांत रोज भाजी विकणाऱ्या बाईचें उदाहरण घ्यावें. मालासाठीं ती सकाळीं १००० रुपयांचें कर्ज काढते. सावकार १०० रुपये आधींच कापून ९०० हातांत ठेवतो आणि संध्याकाळीं पुरते १००० परत घेतो. शंभरच रुपये गेले, असें तिला वाटतें. पण एका दिवसाचें हें व्याज शेकडा ११ हून अधिक झालें. असे ९० दिवस गेले म्हणजे ती ९००० रुपये व्याज भरते, आणि ९१ व्या दिवशीं पुन्हां हात पसरते. तेवढ्याच दिवसांत रोज १० रुपये बाजूस टाकले, तर ९०० रुपयांचें भांडवल तिचें स्वतःचें होतें.

हे १० रुपये उरावयाचे, तर घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा निराळा ठेवला पाहिजे. गल्ल्यांत आलेली सारी विक्री म्हणजे नफा नव्हे. उद्यांच्या मालाची किंमतहि तींतच असते. ती घरखर्चांत गेली, कीं सावकाराचा उंबरठा चुकत नाहीं.

हप्त्यांच्या कर्जांतहि असाच चकवा असतो. १०,००० रुपये १२ समान मासिक हप्त्यांनीं फेडावयाचे आहेत, व्याज दरसाल दरशेंकडा १२. तें अखेरपर्यंत मूळ रकमेवर आकारलें तर १२०० रुपये पडतात. दरमहा उरलेल्या बाकीवर आकारलें तर सुमारें ६६२. म्हणून ‘व्याज किती?’ याबरोबरच ‘कशावर?’ हेंहि विचारावें.

ही समज निरक्षरांस येत नाहीं, हा ग्रह सातारा जिल्ह्यांतील म्हसवडच्या स्त्रियांनीं खोटा ठरविला. चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानें त्यांनीं बँक काढावयाचें ठरविलें, तेव्हां प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेनें परवाना नाकारला. त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या, पुन्हां अधिकाऱ्यांपुढें गेल्या आणि म्हणाल्या, कोणत्याहि रकमेचें व्याज विचारा, आम्ही यंत्रावांचून सांगतों. १९९७ मध्यें माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तोंडचा हिशेब त्यांच्यापाशीं पूर्वींपासूनच होता. असा हिशेब जाणणाऱ्या प्रत्येक दुकानदारानें खरेदी, विक्री आणि घरखर्चास काढलेली रक्कम रोज संध्याकाळीं वहींत मांडली, तर कर्जाची गरज खरोखर किती आहे, हें त्याचें त्यालाच दिसेल.