रेकीचे प्रशिक्षण : शिकतो काय आणि स्वीकारतो काय?



नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील आपल्या भाविकांकडून एक प्रश्न आमच्यापुढे पुन्हापुन्हा येत आहे. कॅथलिक व्यक्तीने रेकी शिकावी काय? प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे आहेत. नांदेडच्या एका पदवीधर तरुणाने विचारले, की दोन दिवसांचा वर्ग करून प्रमाणपत्र मिळते आणि पुढे लोकांवर उपचार करून चार पैसे मिळवता येतात. यात पाप ते काय? लातूर जिल्ह्यातील एका भगिनीचा प्रश्न अधिक गंभीर होता. त्यांच्या छातीत गाठ लागली होती. शेजारणीच्या सांगण्यावरून त्या रेकीचे उपचार घेत होत्या आणि पहिली पायरी स्वतःच शिकून घ्यावी, म्हणजे दररोज खर्च नको, असे त्यांच्या मनात होते. दवाखान्यात त्या अजून गेल्या नव्हत्या. या दुसऱ्या प्रश्नाने आम्हांला हा लेख लिहावयास लावले.

रेकी हा जपानी शब्द आहे. ‘रे’ म्हणजे आत्मिक वा गूढ आणि ‘की’ म्हणजे जीवनशक्ती, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ सांगितला जातो. या पद्धतीचे प्रवर्तक मिकाओ उसुई यांचा जन्म १८६५ साली झाला. १९२२ मध्ये क्योटोजवळच्या कुरामा पर्वतावर एकवीस दिवसांचे उपोषण केले असता आपणांस ही शक्ती लाभली, असे ते सांगत. पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर १९२३ रोजी, तोक्यो परिसरात महाभयंकर भूकंप झाला. त्यात होरपळलेल्या लोकांमध्ये उसुई हिंडले आणि त्यांनी अनेकांच्या अंगावर हात ठेवून उपचार केले, असे त्यांच्या स्मृतिशिलेवर लिहिलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप ज्यांनी पाहिला, त्यांना त्या वेळी कुणी खांद्यावर नुसता हात ठेवणे म्हणजे काय असते, हे निराळे सांगावयास नको. उसुई यांच्या हेतूविषयी आम्हांला काही उणे बोलावयाचे नाही. १९२६ साली ते निवर्तले. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी हे पूर्वी नौदलात होते. त्यांच्या तोक्यो येथील चिकित्सालयात हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या श्रीमती हावायो ताकाता उपचारासाठी आल्या, तेथेच शिकल्या आणि त्यांनी ही पद्धत अमेरिकेत नेली. १९८० साली त्या वारल्या तेव्हा त्यांनी बावीस जणांना ‘मास्टर’ केले होते. या पदासाठी त्या दहा हजार डॉलर घेत. भारतात रेकीचा बोलबाला गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाला आणि मुंबई-पुण्याकडून ती आपल्याकडे आली.

येथे ख्रिस्ती वाचकाने एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. अनेक वर्गांत पहिल्या दिवशी रेकीचा इतिहास सांगताना उसुई हे क्योटोतील ख्रिस्ती विद्यालयाचे प्रमुख होते, असे सांगितले जाते. प्रभू येशू रोग्यांना कसे बरे करीत होता हे दाखवा, असे विद्यार्थ्यांनी विचारले. उत्तर देता येईना म्हणून त्यांनी पद सोडले आणि शोधासाठी ते शिकागो विद्यापीठात गेले, अशी ही कथा आहे. ऐकणाऱ्या ख्रिस्ती माणसाला सहज वाटते, की प्रभूची हरवलेली विद्याच आपल्याला पुन्हा सापडत आहे. परंतु क्योटोतील दोशिशा या ख्रिस्ती विद्यापीठात उसुई यांनी काम केल्याची नोंद नाही, शिकागो विद्यापीठातही त्यांचे नाव नाही. १९२७ साली शिष्यांनी तोक्योतील सायहोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात उभारलेल्या शिलालेखात त्यांच्या ख्रिस्ती असण्याचा शब्दही नाही. ही कथा श्रीमती ताकाता सांगत असत. युद्धानंतरच्या अमेरिकेत जपानी गोष्टींविषयी जो आकस होता, तो पाहता त्यांनी ती का सांगितली असावी याचा अंदाज करता येतो. तथापि ती खरी नाही, आणि येशू ख्रिस्त रेकी करीत असे, हे तिच्यावर रचलेले विधान तर मुळीच खरे नाही.

आता प्रशिक्षणाकडे वळू. साधारणतः त्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिली बहुधा दोन दिवसांत आटोपते. तीत शरीरावर हात कोठे व किती वेळ ठेवावेत हे दाखवतात, वरील इतिहास सांगतात आणि राग करू नये, चिंता करू नये, कृतज्ञ असावे अशी पाच तत्त्वे देतात. (ही तत्त्वे चांगली आहेत, आणि ती पाळण्यासाठी शुल्क भरावे लागत नाही.) घरी एकवीस दिवस स्वतःवर सराव करावयास सांगतात. दुसऱ्या पायरीत तीन चिन्हे शिकवतात. ती हाताने रेखून मनात त्यांचा उच्चार करावयाचा. त्यांतील एकाच्या साहाय्याने दूर असलेल्या रोग्यावरही उपचार होतो, असा दावा असतो. नांदेडमध्ये बसून पुण्यातील मुलाचा ताप उतरवता येतो, अशी ही कल्पना आहे. तिसरी पायरी मास्टरची. चौथे चिन्ह मिळाले, की त्या व्यक्तीला इतरांना दीक्षा देण्याचा अधिकार येतो.

हात ठेवणे हा या प्रशिक्षणाचा दिसणारा भाग आहे. त्याचे मर्म मात्र ‘अ‍ॅट्यूनमेंट’ या विधीत आहे. मराठीत त्याला कोणी शक्तिपात म्हणतात, कोणी दीक्षा. शिकणारा डोळे मिटून, हात जोडून बसतो. मास्टर त्याच्या मस्तकावर व हातांवर चिन्हे रेखतो, फुंकर घालतो. या विधीनेच विश्वशक्तीचा मार्ग त्याच्यात खुला होतो, एरवी होत नाही, अशी रेकीची शिकवण आहे. नुसते पुस्तक वाचून रेकी येत नाही, असे शिक्षक स्वतःच सांगतात. परिचारिका किंवा मालिश करणारा जसे कौशल्य शिकतो, तसे हे शिकणे नव्हे. कुणाकडून काहीतरी स्वीकारावयाचे आणि पुढे त्या शक्तीचे वाहक व्हावयाचे, असे याचे स्वरूप आहे. प्रमाणपत्रावर पुष्कळदा उसुई, हायाशी, ताकाता अशी गुरुपरंपरा लिहिलेली असते, ती याचसाठी.

आमच्या मते कॅथलिक माणसाला थांबून विचार करावयास लावणारी जागा ही आहे. आपलाही एक स्वीकार झालेला आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या मस्तकावर पाणी ओतले गेले, दृढीकरणात बिशपांनी तेल लावले, आणि त्यांद्वारे आपण पवित्र आत्म्याला स्वीकारले. तो आत्मा व्यक्ती आहे. वीज तारेतून वाहते तशी ती आपल्या हातातून वाहवता येत नाही. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात शोमरोनातील शिमोनाची हकिकत आहे. प्रेषितांनी हात ठेवल्यावर पवित्र आत्मा मिळतो हे पाहून त्याने पैसे पुढे केले आणि हा अधिकार मलाही द्या म्हणाला. पेत्राने त्याला फार कठोर शब्दांत झिडकारले. रेकी शिकवणारा प्रत्येक जण शिमोन आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांतील कित्येक सद्भावनेने वागतात. पण पायरीगणिक शुल्क आणि शुल्कागणिक अधिक शक्ती ही रचना पाहिली, की ती हकिकत आठवल्यावाचून राहत नाही.

या विषयावर ख्रिस्तसभेत विचार झालेला आहे. व्हॅटिकनच्या दोन विभागांनी फेब्रुवारी २००३ मध्ये ‘नवयुग’ चळवळीविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात देवाला निराकार ऊर्जा समजण्याच्या प्रवृत्तीचा परामर्श घेतला आहे. अमेरिकेतील बिशपांच्या धर्मतत्त्व समितीने मार्च २००९ मध्ये खास रेकीवर मार्गदर्शिका काढली. तिचा युक्तिवाद साधा आहे. ख्रिस्तसभा आरोग्यप्राप्तीचे दोन मार्ग ओळखते: देवाची कृपा, आणि निसर्गाच्या शक्तींचा उपयोग करणारे वैद्यक. रेकी पहिल्यात बसत नाही, कारण तीत देवाला विनंती नसते. तंत्र बरोबर केले की शक्ती येते असे मानलेले असते. ती दुसऱ्यातही बसत नाही, कारण अशा शक्तीचा पुरावा विज्ञानाला सापडलेला नाही. म्हणून कॅथलिक संस्थांनी आणि ख्रिस्तसभेच्या प्रतिनिधींनी रेकीचा पुरस्कार करणे उचित नाही, असा निष्कर्ष समितीने काढला. ही मार्गदर्शिका अमेरिकेतील आहे, आपल्या धर्मप्रांताचा तो आदेश नव्हे. पण तिच्यातील तर्क नांदेडलाही तितकाच लागू पडतो.

विज्ञानाविषयी थोडेसे. रेकीवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. कोणत्याही रोगावर ती गुणकारी आहे असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, असे त्यात आढळले. रेकीशी मिळत्याजुळत्या ‘थेराप्युटिक टच’ या पद्धतीची परीक्षा तर एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने घेतली. मध्ये पडदा ठेवून ती आपला हात उपचारकाच्या एका हाताजवळ धरी आणि कोणत्या हाताजवळ ऊर्जा जाणवते ते विचारी. एकवीस उपचारकांच्या २८० प्रयत्नांत १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून मिळाली असती त्याहूनही कमी. अमेरिकेच्या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये तो लेख छापला. रेकीनंतर बरे वाटते हे मात्र आम्ही नाकारत नाही. तासभर शांत पडून राहिले, कुणी मायेने जवळ बसले, तर बरे वाटणारच. बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर आहे, आणि गाठीच्या बाबतीत ते अंतर जिवावर बेतू शकते.

उपजीविका म्हणून या मार्गाकडे पाहणाऱ्या तरुणांनी कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने रेकीसह अनेक पर्यायी पद्धतींचा विचार करून रेकीला मान्यता देण्याची शिफारस केली नाही. त्यावरून २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने मंत्रालयाने राज्यांना कळवले, की अशा अमान्य पद्धतींत पदवी वा पदविका दिली जाऊ नये आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त पद्धतींच्या चिकित्सकांनीच लावावी. आयुष मंत्रालयाच्या पद्धतींतही रेकी नाही. कर्करोग, मधुमेह, अपस्मार, पक्षाघात अशा रोगांवर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर तर १९५४ च्या कायद्याने बंदीच आहे. म्हणजे भिंतीवर टांगलेल्या त्या प्रमाणपत्राला शासनदरबारी किंमत नाही.

आता आपल्या घराकडे पाहिले पाहिजे. आपला भाविक रेकीकडे का जातो? नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात दिवसभर रांगेत बसल्यावर डॉक्टर पाच मिनिटे बोलतात, तेही घाईघाईने. रेकीवाला तासभर त्याच्यापाशी बसतो. आणि आपण? धर्मग्रामात कोण आजारी आहे हे अनेकदा अंत्यविधीच्या वेळीच कळते. धर्मगुरूंना बोलावले, की आता काही खरे नाही, अशी समजूत अजून कितीतरी घरांत आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये रुग्णाभ्यंगाचा विधी सुधारला. हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, वार्धक्याने शक्ती क्षीण झाल्यावर तो घेता येतो आणि पुन्हाही घेता येतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वडीलमंडळींना बोलावण्यास सांगितले आहे, ते रोगी अंथरुणावर असताना. त्यात हातांचा स्पर्श आहे, तेल आहे, प्रार्थना आहे, आणि गुप्त चिन्ह एकही नाही.

आरोग्यदानाच्या प्रार्थनासभांविषयीही स्पष्ट बोलणे भाग आहे. काहींना पवित्र आत्मा आरोग्याचे दान देतो, अशी ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे. परंतु औषधे बंद करा, डॉक्टरकडे जाणे म्हणजे अविश्वास, असे कुणी आपल्याच सभेत सांगत असेल, तर तो रेकीवाल्यापेक्षा कमी दोषी नाही. बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखावयास सांगितले आहे आणि औषधी देवानेच भूमीतून उत्पन्न केल्या असे म्हटले आहे. प्रार्थना आणि वैद्य यांना तेथे शेजारी-शेजारी बसवले आहे.

ज्यांनी पूर्वीच रेकीची दीक्षा घेतली आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये. आपल्याला काही लागिर झाले आहे असे कुणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. प्रमुख धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे, पापनिवेदन करावे आणि ती साधना सोडून द्यावी. तेवढे पुरे आहे. त्यांच्याकडे बोटे दाखवण्याचा अधिकार इतर भाविकांना नाही.

त्या तरुणाला आम्ही सुचवले, की रुग्णांच्या सेवेची खरोखर ओढ असेल तर परिचर्येचा जीएनएम अभ्यासक्रम पाहावा. तीन वर्षे लागतात, रात्रपाळ्या कराव्या लागतात, पण त्यानंतर परिषदेकडे नोंदणी होते आणि रोग्याला कुठे हात लावावा हे नेमके कळते. तीन वर्षे हा शब्द ऐकून तो जरा नाराज झाला. त्या भगिनीबरोबर धर्मग्रामातील दोन महिला लातूरच्या शासकीय रुग्णालयात गेल्या. गाठीचा तुकडा तपासणीस पाठवण्यात आला. अहवाल येण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी रुग्णाभ्यंग झाला, आणि शेजारीणही त्या वेळी हजर होती.