कवचाची खूण, गाठीची खूण
रक्त काय सांगतं? : लेखांक ९

खालच्या मजल्यावरच्या काकू गेल्या महिन्यात तपासणीचा कागद घेऊन वर आल्या. 'आयजीजी पॉझिटिव्ह' या ठळक ओळीखाली त्यांनी पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. "काय झालंय मला, खरं सांग," म्हणाल्या. ओळीच्या डाव्या टोकाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: डेंग्यू. तो त्यांना काही वर्षांपूर्वी होऊन गेला होता. रक्तात राहिली होती ती त्याची आठवण. काकूंनी निकाल वाचला होता, पण तो कशाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा आहे ते वाचलं नव्हतं.

ही चूक कुणाच्याही हातून होईल अशीच आहे, म्हणून आज मर्केल सेल कार्सिनोमाबद्दल लिहितो. त्वचेच्या या कॅन्सरमध्ये एकाच विषाणूविरुद्धची दोन तऱ्हांची प्रतिपिंडं सापडतात आणि दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी सांगतात.

हा कॅन्सर दुर्मीळ आहे. तो बहुतेक पन्नाशीनंतर होतो, गोऱ्या कातडीच्या माणसांत जास्त, आणि चेहरा, मान, हात अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या जागी. लालसर-जांभळी, घट्ट गाठ येते. ती दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, आणि ती मात्र आठवड्या-आठवड्याला वाढत असते. १९७२ साली सिरिल टोकर यांनी या गाठींचं पहिलं वर्णन केलं. अवयव-प्रत्यारोपण झालेल्यांना आणि एचआयव्हीबाधितांना हा कॅन्सर अधिक होतो असं पुढे दिसलं. प्रतिकारशक्ती खचली की डोकं वर काढणाऱ्या कॅन्सरमागे विषाणू असू शकतो, हा संशय तिथूनच बळावला.

पिट्सबर्ग विद्यापीठातल्या युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याने हा संशय तडीस नेला. १९९४ मध्ये कापोसी सार्कोमाचा विषाणू यांनीच शोधला होता. त्यांच्या चमूने मर्केल गाठींमधले जनुकीय संदेश लाखोंच्या संख्येने वाचले आणि त्यातून माणसाचे म्हणून ओळखू येणारे सगळे वजा केले. निवडून-पाखडून सुपात जे अनोळखी दाणे उरले, त्यांत एक नवा पॉलिओमाव्हायरस निघाला. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आला: तपासलेल्या १० गाठींपैकी ८ गाठींत तो होता. आता सुमारे ८० टक्के मर्केल कॅन्सरमागे तो असतो असं मानतात. उरलेले उन्हाच्या माऱ्यातून होतात.

आता प्रतिपिंडांकडे येऊ. या विषाणूच्या बाहेरच्या कवचाविरुद्धची प्रतिपिंडं बहुसंख्य प्रौढांच्या रक्तात असतात. लहानपणी कधीतरी तो अंगावर येतो, कातडीवर मुक्काम करतो आणि बहुतेकांना काहीही करत नाही. त्यामुळे त्यांचं नुसतं असणं कॅन्सरबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. त्यांच्या पातळीला मात्र थोडा अर्थ आहे. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये निरोगी माणसांचं रक्त वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेलं आहे. पुढे ज्यांना हा कॅन्सर झाला त्यांचे जुने नमुने बाहेर काढले, तेव्हा त्यांच्यात कवचाविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी इतरांपेक्षा चढी आढळली. पण रुग्ण मोजकेच होते आणि आजारच इतका विरळा, की चढी पातळी असलेल्या हजारो माणसांना आयुष्यभर काहीही होणार नाही. या आकड्यावरून कुणाला भीती घालणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरी खूण आतली आहे. कॅन्सर होण्यासाठी विषाणूच्या बाबतीत दोन अपघात घडावे लागतात: त्याचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घुसून बसतो, आणि 'टी अँटिजेन' नावाचं त्याचं एक मोठं प्रथिन अर्धवट तुटतं. अशा विषाणूला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत. गाठीत त्याचं कवच सहसा तयारच होत नाही. टी अँटिजेन मात्र तयार होत राहतं, कारण त्याच्याच जोरावर पेशी वाढत असते. हे प्रथिन राहतं पेशीच्या आत. पेशी मरून फुटल्या की ते बाहेर सांडतं आणि शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. ही प्रतिपिंडं जिवंत पेशीच्या आत शिरू शकत नाहीत, म्हणजे गाठ मारण्याचं काम त्यांचं नव्हे. ते टी-पेशींचं. प्रतिपिंडं फक्त साक्ष देतात, आणि निरोगी माणसांत ती क्वचितच सापडतात.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॉल निएम यांच्या गटाने या साक्षीवरून रक्तचाचणी उभी केली. २०१७ मध्ये त्यांनी २१९ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. निदानाच्या वेळी सुमारे निम्म्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं होती, आणि ज्यांच्यात होती त्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. त्याहून मोलाचं पुढे आहे. गाठ काढल्यावर, किरणोपचार झाल्यावर आकडा महिन्यागणिक उतरत जातो. उतरत राहिला तर आजार परतल्याची शक्यता फार थोडी. पुन्हा चढू लागला तर गाठ हाताला लागण्याआधीच स्कॅन करून शोध घेता येतो. म्हणून पहिलं रक्त उपचार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत घ्यावं लागतं. उशीर झाला तर आकडा आधीच खाली आलेला असतो आणि तुलनेला पायाच उरत नाही.

ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं मुळातच नव्हती, त्या उरलेल्या निम्म्यांना ही चाचणी पुढे सोबत करत नाही. त्यांच्यासाठी ठरावीक काळाने स्कॅन असतात, आणि दर भेटीत मान, काख, जांघ इथल्या लसिकाग्रंथी सावकाश चाचपून पाहणारी डॉक्टरांची बोटं.