कच्चा कोबी आणि शेंगदाण्याची झणझणीत चटणी

इंडोनेशियातील जावा बेटाच्या पश्चिम भागात ‘कारेदोक’ ही कोशिंबीर करतात. कोबी, काकडी, मोड आलेले मूग, चवळीच्या शेंगा, सारे कच्चेच. वर शेंगदाण्याची तिखट चटणी. आपल्याकडे मिळणाऱ्या जिनसांवर आम्हीही ती करून पाहिली.

पाव किलो कोबी धुवून, निथळून बारीक चिरावा. मूठभर भाजलेले शेंगदाणे, दोन लाल मिरच्या, दोन लसूण पाकळ्या, चमचाभर चिंचेचा कोळ, थोडा गूळ व मीठ वाटून, पाणी घालून सरसरीत करावे.

पहिल्या खेपेस आम्ही चटणी सकाळीच कालवली. मिठामुळे कोबीला पाणी सुटले, दुपारी डब्यात लगदा! म्हणून चटणी वेगळ्या डबीत न्यावी, जेवतानाच कालवावी. गॅस लागतो तो फक्त दाणे भाजण्यापुरता. तेव्हा घरातल्या पुरुषांनीही हात लावायला हरकत नाही.