बॅक्टेरियाचा २७ रेणूंचा अँटेना: अंधुक प्रकाशात काम कसं चालतं?

टीव्हीच्या रिमोटचं टोक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बहुतेक फोनमध्ये एक जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. डोळ्यांना न दिसणारा हा इन्फ्रारेड प्रकाश. तळ्याच्या खालच्या थरात राहणारे जांभळे बॅक्टेरिया असाच न दिसणारा प्रकाश वापरतात, कारण दिसणारा बराचसा प्रकाश वरच्या वनस्पती आणि शेवाळ आधीच शोषून घेतात.

अडचण काय आहे?

भर उन्हातही रंगद्रव्याच्या एका रेणूला सेकंदाला साधारण १० फोटॉन मिळतात. ऊर्जेचं रूपांतर करणारं अभिक्रिया केंद्र मात्र याच्या कितीतरी पट काम करू शकतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर दमदार आहे, पण रिक्वेस्टच येत नाहीत. म्हणून आजूबाजूला अँटेना लागतात.

रचना कशी आहे?

१९९५ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या रिचर्ड कॉगडेल, नील आयझॅक्स आणि सहकाऱ्यांनी एलएच२ नावाच्या अँटेनाची रचना क्ष-किरणांच्या मदतीने उलगडली. प्रथिनांच्या ९ जोड्या गोलाकार उभ्या असतात, म्हणजे एक भिंत आत आणि एक बाहेर. त्यांनी बॅक्टेरियोक्लोरोफिलचे २७ रेणू धरून ठेवलेले असतात. १८ रेणू एकमेकांना खेटून कडं करतात, तर ९ सुटे सुटे असतात.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे: सगळे २७ रेणू एकाच प्रकारचे! साध्या द्रावणात हा रेणू ७७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो. इथे मात्र सुटे ९ रेणू ८०० आणि खेटलेले १८ रेणू ८५० नॅनोमीटरचा शोषतात. रेणू तोच, फक्त शेजार बदलला.

याचा फायदा काय?

तरंगलांबी जास्त म्हणजे ऊर्जा कमी. त्यामुळे आपोआप उतार तयार होतो. ऊर्जा ८०० वरून ८५० वर, तिथून केंद्राला वेढणाऱ्या एलएच१ मध्ये म्हणजे ८७५ च्या आसपास, आणि मग केंद्रात जाते. पहिली उडी साधारण एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात होते. ऊर्जा वाया जायला याच्या सुमारे हजारपट वेळ लागतो, म्हणून ती वेळेत पोहोचते.

प्रकाश आणखी कमी झाला, तर हे बॅक्टेरिया एलएच२ची संख्या वाढवतात. अंधुक प्रकाशातही चालणारे सोलर सेल बनवू पाहणाऱ्यांना या रचनेत रस आहे, तो यासाठीच.